मुलांच्या वर्कशीटमधलं चित्र आकड्यातून काढा

लहान मुलांसाठी गणिताच्या वर्कशीट लिहिणारे, त्यांची चित्रं काढणारे, पानं लावणारे आणि तपासून पुढे पाठवणारे सर्व लेखक, चित्रकार, मांडणीकार आणि संपादक यांना,

सप्रेम नमस्कार.

साडेतीन वाजतात तेव्हा तासकाटा तीन आणि चारच्या बरोबर मधे असतो. हे तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. तरीही ‘किती वाजले?’ असं वर लिहिलेल्या कितीतरी वर्कशीटमध्ये मिनिटकाटा सहावर असतो आणि तासकाटा थेट तीनवर टेकलेला असतो. असं घड्याळ कुठल्याच भिंतीवर चालत नाही. जे मूल घड्याळ नीट बघायला शिकलंय तेच या चित्रापुढे अडतं. ज्याने ‘लहान काटा ज्या आकड्यावर तो तास’ एवढंच पाठ केलंय ते भराभर उत्तर लिहून मोकळं होतं. पुढे पावणेचारचं खरं घड्याळ समोर आलं की तासकाटा चारच्या अगदी जवळ दिसतो आणि हेच मूल ‘पावणेपाच’ म्हणतं. आपण त्याला बेसावध म्हणतो. पण चुकीची सवय त्याला आपणच दिलेल्या कागदाने लावलेली असते.

हे चित्र काढणाऱ्या माणसाला घड्याळ कळत नाही असं मी मुळीच म्हणत नाही. चूक होते ती काढण्याच्या पद्धतीमुळे. घड्याळाची एक तयार तबकडी घ्यायची, त्यावर दोन काटे ठेवायचे, आणि माउसने दोन्ही वेगवेगळे फिरवायचे. पानावर बारा घड्याळं असली की चोवीस काटे फिरवायचे. मिनिटकाटा ठरलेल्या आकड्यावर बसवणं सोपं असतं. तासकाटा किती पुढे सरकवायचा हे दर वेळी डोळ्यांनी ठरवावं लागतं, आणि काम घाईचं असतं.

पण तासकाट्याची जागा डोळ्यांनी ठरवायची गोष्टच नाही. तासाला ३० अंश, मिनिटाला अर्धा अंश. साडेतीनला तो बारापासून १०५ अंशांवर असतो, पावणेचारला ११२.५ अंशांवर. ज्या साधनात चित्र माउसने न काढता आज्ञा लिहून काढता येतं, तिथे हे एकदाच लिहायचं असतं: वेळ ही, मिनिटकाट्याचा कोन मिनिटांच्या सहापट, तासकाट्याचा कोन तासांच्या तीसपट अधिक मिनिटांच्या निम्मा. मी लाटेक या मजकूर लिहून पानं मांडायच्या साधनातला टिकझेड हा चित्रं काढायचा भाग वापरते. तिथे कोन उजव्या बाजूपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात, म्हणून हे सगळं नव्वदातून वजा करावं लागतं, इतकंच. त्यानंतर पानावर फक्त वेळ लिहायची. दोन्ही काटे एकाच वेळेतून निघतात, त्यामुळे ते एकमेकांशी विसंगत होऊच शकत नाहीत. उत्तरसूचीतली वेळही तिथूनच छापली जाते.

या पत्रातली माझी मागणी एवढीच आहे. वर्कशीटमधलं चित्र आणि उदाहरण एकाच आकड्यातून निघू द्या. चित्र नंतर आणून चिकटवायची वस्तू नाही. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी चित्र हेच उदाहरण असतं. शब्द ते अजून अडखळत वाचतं, चिन्हं नुकती भेटलेली असतात, आणि सगळा भरवसा चित्रावर असतो. ते चित्र खोटं बोललं तर मुलाकडे पडताळून बघायला दुसरं काहीच नसतं.

घड्याळ हे सहज दिसणारं उदाहरण झालं. अपूर्णांकांत हाच घोळ जास्त खोल जातो. ‘वर्तुळाचे तीन समान भाग करून एक रंगवा’ या सूचनेशेजारी वर्तुळाचं जे नमुनाचित्र असतं, त्यात अनेकदा दोन उभ्या रेषा सारख्या अंतरावर मारून वर्तुळाच्या तीन पट्ट्या केलेल्या असतात. पट्ट्यांची रुंदी समान आहे, हे खरं. पण मधल्या पट्टीचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या सुमारे ४२ टक्के येतं आणि कडेच्या दोन्हींचं प्रत्येकी सुमारे २९ टक्के. म्हणजे ‘समान भाग’ या संकल्पनेचीच पहिली ओळख असमान भागांनी होते. मुलाला टक्केवारी कळत नाही, पण मधला तुकडा मोठा आहे हे त्याला चांगलं दिसतं. मग ते एक तर डोळ्यांवर अविश्वास दाखवतं, नाही तर ‘एक तृतीयांश म्हणजे तीनपैकी कुठलाही एक तुकडा, लहान-मोठा कसाही’ असा अर्थ काढतं. दुसरा अर्थ फार चिवट असतो. पाचवी-सहावीत छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची तुलना येते तेव्हा तोच आडवा येतो.

वर्तुळाचे तीन समान भाग करायचे तर केंद्रातून १२० अंशांवर रेषा काढायच्या. लिहून काढलेल्या चित्रात हे ३६० भागिले भागांची संख्या इतकं साधं असतं. भाग पाच करा, सात करा, सूत्र तेच. सात समान भागांचं वर्तुळ हाताने अचूक काढून बघा, म्हणजे वर्कशीटमध्ये अर्धा, पाव आणि एक अष्टमांशच का सारखे भेटतात ते ध्यानात येईल. काढायला सोपे म्हणून तेच अपूर्णांक मुलांपुढे जात राहतात. काय शिकवायचं हे साधनाने ठरवावं, हे मला पटत नाही.

दशक-एककाचंही तसंच आहे. एककाचा छोटा चौकोन, दशकाचा दांडा, शतकाची पाटी, ही चित्रं सगळीकडे असतात. पण दांडा खरोखर दहा चौकोनांएवढा लांब आहे का? पाटीची बाजू दांड्याएवढी आहे का? जागा पुरत नाही म्हणून दांडा आखूड केलेला असतो, पाटी आणखी लहान. मग दहा एकक म्हणजे एक दशक हे चित्र सांगत नाही. ते फक्त ‘ही खूण म्हणजे दहा’ असा एक संकेत सांगतं, आणि संकेतच पाठ करायचा तर १० हा आकडा काय वाईट? प्रमाण सांभाळणं कठीण नाही, आधी गणित करावं लागतं एवढंच. एकक ५ मिलिमीटरचा घेतला तर दशक ५ सेंटिमीटरचं होतं आणि शतक ५ सेंटिमीटर बाजूचा चौरस. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. दोन्हीकडे दोन सेंटिमीटर समास सोडला तरी तीन शतकं शेजारी-शेजारी आरामात बसतात. टिकझेडमध्ये लांबी सांगितली नाही तर ती सेंटिमीटरमध्ये धरली जाते, त्यामुळे हे सगळं सरळ मापात लिहिता येतं. ३४७ असं लिहिलं की तीन पाट्या, चार दांडे, सात सुटे चौकोन. ३५२ केलं की चित्र आपोआप बदलतं.

इथे छपाईबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण एवढं करूनही शेवटच्या पायरीवर सगळं बिघडतं. छपाईच्या खिडकीत ‘कागदावर बसवा’ हा पर्याय निवडलेला असला की पान थोडं आकसतं. ते ९७ टक्क्यांवर आलं तर १० सेंटिमीटरची रेषा ९.७ सेंटिमीटर होते. ‘पट्टीने मोजा’ या वर्कशीटवर मूल काळजीपूर्वक मोजतं, ९.७ लिहितं आणि उत्तरसूचीप्रमाणे चूक ठरतं. मोजमापाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ५ सेंटिमीटरची एक बारीक रेषा द्या आणि शेजारी लिहा, ‘वाटण्याआधी ही रेषा मोजून बघा’. शिक्षकांना त्याच क्षणी कळेल. कोनमापकाच्या पानांना हा धोका नाही, कारण आकार कमी-जास्त झाला तरी कोन तेच राहतात. पण कोनांच्या पानांवर दुसरी खोड असते: मोठ्या कोनाच्या भुजा लांब आणि लहान कोनाच्या आखूड काढलेल्या असतात. मुलं भुजांची लांबी बघून कोन ‘मोठा’ ठरवतात. भुजांची लांबी कोनाशी संबंध न ठेवता बदलती ठेवली, तर मुलाला फाकलेपणाकडेच बघावं लागतं.

त्रिकोण मी थोडक्यात सांगते. पाया आडवा, शिरोबिंदू वर, बाजू साधारण सारख्या: शंभरातले बहुतेक त्रिकोण असेच काढलेले असतात. मग उलटा ठेवलेला किंवा खूप निमुळता त्रिकोण मुलं त्रिकोणच मानत नाहीत. प्रत्येक आकृती एका यादृच्छिक कोनातून फिरवून छापायला एक ओळ पुरते.

आता चित्रांच्या आवडत्या भागाकडे येते. प्राणी, पक्षी, फुलं, फुगे. मला ही चित्रं मनापासून आवडतात आणि मुलांना तर आवडतातच. कोरड्या पानावर उदाहरणांच्या रांगा छापून मुलांच्या हातात देऊ नयेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न एवढाच की ते अस्वल पानावर काय काम करतंय? ते मोजायचं असेल, वाटून द्यायचं असेल, संख्यारेषेवर उड्या मारत असेल, तर ते गणितात आहे. ते कोपऱ्यात हात हलवत उभं असेल आणि उदाहरणाशी त्याचा काही संबंध नसेल, तर ते लक्ष खेचून घेतं. अ‍ॅना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बालवर्गातल्या मुलांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंती चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळा भरकटलं आणि धडे कमी समजले, असं त्यात आढळलं. ती भिंतींची गोष्ट आहे, पण पानही मुलाच्या डोळ्यांपुढचीच जागा आहे.

यापेक्षाही आपल्या कामाशी थेट जोडलेला अभ्यास जेनिफर कमिन्स्की आणि व्लादिमिर स्लॉटस्की यांचा, २०१३ मधला. त्यांनी लहान मुलांना स्तंभालेख वाचायला शिकवला. काही मुलांना साधे एकरंगी स्तंभ दाखवले, काहींना आत वस्तूंची चित्रं भरलेले स्तंभ. चित्रांच्या स्तंभांवरून शिकलेल्या मुलांपैकी अनेकजण उभ्या अक्षावरचा आकडा वाचायचं सोडून आतल्या वस्तूच मोजत बसली. शिकताना वस्तू आणि आकडा जुळत होते तोवर उत्तरं बरोबर आली, पण जिथे ते जुळत नव्हते तिथे मुलांनी वस्तूच मोजल्या आणि उत्तर चुकलं. म्हणजे चित्र सजावटीसाठी टाकलेलं होतं, पण मुलाने त्याला गणित समजून वाचलं. मुलं असंच करतात, आणि त्यांनी तसंच करायला हवं. पानावरचं प्रत्येक चित्र काहीतरी सांगतंय असं मानणं ही वाचकाची चांगली सवय आहे. ती सवय राखायची जबाबदारी आपल्यावर येते.

मोजण्याच्या पानांवर वस्तूंची मांडणी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि आपण तो बहुतेक वेळा योगायोगावर सोडतो. तीन-चार वस्तू माणसाला न मोजता एका नजरेत कळतात. त्यापुढे मोजावं लागतं किंवा गट पाडावे लागतात. म्हणून पाच-पाचच्या दोन ओळींची दहाची चौकट इतकी उपयोगी पडते: आठ ठिपके त्यात टाकले की वरची ओळ भरलेली दिसते, खाली तीन दिसतात आणि दोन रिकाम्या जागाही दिसतात. आठ म्हणजे पाच आणि तीन, आठ म्हणजे दहाला दोन कमी, हे एकाच चित्रात मिळतं. तेच आठ एका लांब रांगेत ठेवले तर बोट ठेवून मोजायचा सराव होतो. विखुरले तर कुठलं मोजलं आणि कुठलं राहिलं याचा हिशेब ठेवायचा सराव होतो. तिन्ही मांडण्या हव्यात, पण कुठली कधी हे लेखकाने ठरवलेलं असावं. जागा उरली म्हणून दोन बेडूक तिकडे सरकवले, अशी मांडणी कुठलाच सराव देत नाही.

लिहून काढलेल्या चित्रात या तीन मांडण्या म्हणजे एकाच संख्येवरची तीन वेगळी सूत्रं असतात. टिकझेडमधल्या ‘फॉरईच’ या आज्ञेने एकापासून आठपर्यंत जायचं आणि दर वेळी चित्राची जागा ठरवायची. विखुरलेल्या मांडणीत मात्र काळजी घ्या. जागा पूर्णपणे यादृच्छिक ठेवल्या तर वस्तू एकमेकींवर चढतात आणि आठाचे सात दिसतात. पानाचे मनातल्या मनात चौकोन पाडा, प्रत्येक वस्तूला एक चौकोन द्या, आणि त्या चौकोनातच तिला थोडी इकडे-तिकडे हलवा. विखुरल्यासारखं दिसतं आणि काहीही झाकलं जात नाही.

‘कुठे जास्त आहेत?’ या पानांबद्दलही असाच विचार हवा. ज्याँ पियाजे यांचा प्रयोग शिक्षक-प्रशिक्षणात सगळ्यांनी वाचलेला असतो: दोन ओळींत सारख्याच वस्तू ठेवून एक ओळ लांब पसरली, की लहान मुलं त्या ओळीत जास्त वस्तू आहेत असं सांगतात. आपल्या वर्कशीटमध्ये मात्र जास्त वस्तू असलेली ओळ जवळजवळ नेहमीच लांब असते, कारण सगळी चित्रं एकाच मापाची आणि सारख्या अंतरावर चिकटवलेली असतात. म्हणजे न मोजता, नुसती लांबी बघून सगळं पान बरोबर सोडवता येतं. पाच मोठे हत्ती आणि सात छोटे उंदीर समोरासमोर ठेवा, अंतर बदला, तेव्हा कुठे तुलना संख्येची होईल. चित्राचं माप आणि अंतर हे वेगळे आकडे म्हणून लिहिलेले असले की असा बदल चुटकीसरशी होतो.

रिकाम्या चौकटीची जागा ही अशीच एक दुर्लक्षित बाब. ती नेहमी बरोबरच्या चिन्हानंतर शेवटी येते. त्यामुळे मुलांना ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असं वाटू लागतं. ८ + ४ = □ + ५ असं दिलं की बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात, काही तर सगळे आकडे मिळवून १७. यावर संशोधन झालेलं आहे आणि कुठल्याही वर्गात फळ्यावर लिहून पडताळता येतं. चौकट कधी सुरुवातीला, कधी मधे ठेवायला काहीच जास्त पडत नाही. शेजारी तराजूचं चित्र हवं असेल तर तेही याच आकड्यांवरून काढा: उजव्या आणि डाव्या पारड्यातली बेरीज समान असेल तरच दांडी आडवी, नाही तर झुकलेली.

यादृच्छिक संख्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. एका वर्गासाठी वेगवेगळ्या प्रती हव्या असतील तर संगणकाला संख्या निवडू द्याव्यात, पण अटी घालून. बिनहातच्याची बेरीज हवी असेल तर पहिल्या संख्येचा एकक १ ते ८ मधून घ्या आणि दुसऱ्याचा १ पासून ‘९ वजा पहिला’ इथपर्यंत. हातचा कधीच येणार नाही. यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो, म्हणजे ‘बीज’, ठरवून दिला की तीच पत्रिका पुन्हा छापता येते आणि तिची उत्तरसूचीही जुळते. पण नवी कल्पना शिकवणाऱ्या पानावर मी संख्या हातानेच निवडते. ७ + ७ नंतर ७ + ८ येतं तेव्हा मुलाला एक जास्त घ्यायची युक्ती सापडते. असा क्रम यादृच्छिक निवडीतून येत नाही. सराव संगणकाकडे द्या, क्रमाचा विचार माणसाकडे ठेवा.

साधनाबद्दल बोलायला हवं, कारण इथे बहुतेकांची पहिली हरकत येते. लाटेक हे विद्यापीठातल्या शोधनिबंधांचं, मोठ्या सूत्रांचं साधन, त्याचा पहिलीच्या वर्गाशी काय संबंध, असं विचारलं जातं. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड नुथ यांनी १९७७ मध्ये टेकवर, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या अक्षरजुळणीच्या साधनावर, काम सुरू केलं ते आपल्याच ग्रंथमालेच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघून. छपाईचं तंत्र बदललं होतं आणि गणिताची अक्षरजुळणी पूर्वीपेक्षा वाईट दिसत होती. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात त्यावर लाटेक रचलं, आणि टिल टांटाऊ यांनी पुढे टिकझेड दिलं. ही सगळी साधनं विनामूल्य आहेत. टेकची तिसरी आवृत्ती निघाल्यावर नुथ यांनी नव्या सोयी घालणं थांबवलं. तेव्हापासून फक्त चुका दुरुस्त होतात आणि दर दुरुस्तीला आवृत्तीच्या क्रमांकात पाय या संख्येचा पुढचा एक अंक जोडला जातो. गणिताच्या माणसाला हे वाचून बरं वाटतंच, पण आपल्या कामाला त्याचा फायदाही आहे: आज साध्या मजकुरात लिहिलेली पत्रिका फार वर्षांनीही उघडते, वाचता येते आणि बदलता येते.

देवनागरीची अडचणही आता उरलेली नाही. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये झीटेक हे टेकचं युनिकोड समजणारं रूप दिलं तेव्हापासून युनिकोड फॉन्ट थेट वापरता येतात आणि जोडाक्षरं नीट जुळतात. फक्त लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं दोन्ही सांगायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे त्यामुळे मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मिळतात. अंकांची वळणंही फॉन्टनुसार बदलतात. पहिलीच्या मुलाला वर्गात जो पाच आणि जो नऊ गिरवायला शिकवला आहे तोच पानावर असायला हवा. खड्या मांडणीत अंकांखाली अंक येण्यासाठी मोकळ्या जागा टाकून जुळवू नका, चौकटींची जाळी काढा आणि प्रत्येक चौकटीत एक अंक ठेवा. एकक एककाखाली, दशक दशकाखाली, हातच्याला वर छोटी चौकट.

हे साधन शिकायला सोपं आहे असा दावा मी करणार नाही. टिकझेडची माहितीपुस्तिका हजाराहून जास्त पानांची आहे, आणि एक कंस राहिला तर येणारा चूक दाखवणारा संदेश नवख्याला काहीच सांगत नाही. वर्ग सांभाळून, वह्या तपासून उरलेल्या वेळात प्रत्येक शिक्षकाने हे शिकावं अशी अपेक्षा अन्याय्य ठरेल. पण तुमच्या मंडळात कामाची वाटणी आधीपासूनच असते. एका माणसाने घड्याळ, अपूर्णांकाचं वर्तुळ, संख्यारेषा, दहाची चौकट, दशक-एककाचे ठोकळे यांच्या आज्ञा नीट लिहून ठेवल्या, तर बाकीच्यांना फक्त आकडे बदलायचे असतात. आकडा बदलणं कुणालाही जमतं. लाटेक अवघड वाटलं तर टायप्स्ट बघा. ते २०२३ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, लिहायला सुटसुटीत आहे आणि चूक झाली तर कुठे झाली ते जास्त स्पष्ट सांगतं. दुसरं एखादं साधन आवडत असेल तर तेही चालेल. चित्र आकड्यावरून काढलं जातंय एवढं मात्र त्यात असू द्या.

चित्रकारांनी यात आपलं काम जाईल असं समजू नये. उलट. आज चित्रकाराला एकच बेडूक सात जागी चिकटवत बसावं लागतं. त्याऐवजी त्याने एक बेडूक जीव ओतून काढावा, रेषाचित्राच्या रूपात द्यावा, आणि सात वेळा मांडायचं काम आज्ञेकडे सोपवावं. टिकझेडसाठी बदकांचं आणि छोट्या प्राण्यांचं तयार पॅकेज मिळतं, टिकझेडडक्स आणि टिकझेडलिंग्ज, आणि त्यातली चित्रं गोड आहेत. पण मुलांच्या डोळ्यांसमोर चांगल्या हाताची निरनिराळी चित्रं जावीत, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. चित्रकारांना एकच विनंती: बहुतेक वर्गांत ही पानं काळ्या-पांढऱ्या छायाप्रतीतून पोहोचतात. ‘लाल फुगे मोजा’ तिथे निरर्थक होतं आणि फिक्या छटा पुसल्या जातात. फरक रंगाने न दाखवता आकाराने, ठिपक्यांनी, आडव्या-तिरप्या रेषांनी दाखवा. रंग ओळखायला अडचण असलेल्या मुलांनाही त्याने पान सोडवता येईल.

शेवटी, मूळ फाइलबद्दल. तुम्ही पीडीएफ देता आणि बहुधा प्रेमाने, फुकट देता. पण शिक्षिकेच्या वर्गात सातपर्यंतच संख्या झालेल्या असतात आणि पानावर नऊ असतो. ती पांढऱ्या शाईने नऊ खोडते, सात लिहिते आणि छायाप्रती काढते. चित्रात बेडूक नऊच राहतात. तुम्ही कितीही अचूक पान केलंत तरी बदलता न येणाऱ्या पानाचं वर्गात असं होणारच. पीडीएफबरोबर मूळ मजकूर द्या, वर कोणते आकडे बदलायचे ते दोन ओळींत लिहा, आणि क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या खुल्या परवान्याखाली द्या, म्हणजे बदलणाऱ्याला परवानगीचा प्रश्न पडणार नाही. तिथे ती नऊचा सात करेल आणि बेडूकही सात होतील.

तपासणीच्या वेळी आणखी एक करून बघा. पानावरचा सगळा मजकूर आणि आकडे कागदाने झाका, आणि ज्याने ते पान आधी पाहिलेलं नाही अशा माणसाला फक्त चित्रांवरून उदाहरण ओळखायला सांगा. चित्र आणि उदाहरण जुळत असतील तर त्याला ते जमेल. जिथे तो अडेल किंवा वेगळंच उत्तर देईल, तिथे मूलही अडणार आहे. हे करायला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही, आणि जुन्या संचांनाही ही कसोटी लावता येईल.

सगळे संच एकदम नव्याने करा असं मी म्हणत नाही. पुढच्या छपाईत अपूर्णांकांची वर्तुळं आणि दशक-एककाचे ठोकळे तेवढे आकड्यांतून काढलेले येऊ द्या, त्यांच्या मूळ फाइल सोबत द्या, आणि ज्या पानांत चूक आहे असं शिक्षक कळवतील ती दुरुस्त करून पुन्हा काढा. या पत्रात सांगितलेल्या आकृत्यांच्या माझ्या फाइल मी सहकारी शिक्षकांना खुल्या परवान्याने देतच असते. तुमच्यापैकी ज्यांना हव्या असतील त्यांनी त्या घ्याव्यात, माझं नाव न घालता वापराव्यात आणि त्यात भर घालून पुढे द्याव्यात.

आपली,
प्राथमिक वर्गांना गणित शिकवणारी एक शिक्षिका